ट्रान्समीटर बंद, तरी चाके चालूच

अवजड सामान वाहून नेणारा एक रोबो आमच्या कार्यशाळेत आला, तेव्हा तो लांब केबलला जोडलेल्या, हातात धरायच्या पेटीतून चालवला जात असे. केबल वारंवार चाकांखाली येत असल्यामुळे ती काढून रेडिओ नियंत्रण बसवून द्यावे, अशी मागणी होती. यंत्र 24 व्होल्टवर चालत होते. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक मोटर होती आणि चाक अडकून मोटर जागच्या जागी थांबली, तर ती एकटी 100 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकत होती. एवढ्या ताकदीच्या यंत्रावर रेडिओ बसवताना आज्ञा कशी पोहोचते याइतकाच, आज्ञा पोहोचेनाशी झाल्यावर यंत्र काय करते, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

जोडणी अवघड नव्हती. हातातल्या ट्रान्समीटरची आज्ञा यंत्रावर पकडणारा 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, देतो. तिची रुंदी, म्हणजे ती टिकण्याचा काळ, 1500 मायक्रोसेकंद असेल तर थांबायचे, 2000 कडे गेली तर पुढे जायचे आणि 1000 कडे आली तर मागे. मोटर कंट्रोलर ही रुंदी मोजून त्या प्रमाणात बॅटरीची वीज मोटरकडे सोडतो. पल्स येणे बंद झाले की मोटर थांबवण्याची सोय आमच्या कंट्रोलरमध्ये होती, त्यामुळे माझा सहकारी निश्चिंत होता.

चाके जमिनीला टेकवण्यापूर्वी एक चाचणी मी कधीही टाळत नाही. यंत्र ठोकळ्यांवर उचलून ठेवायचे, ट्रान्समीटरवरची काडी पुढे ढकलून चाके फिरवायची आणि त्याच स्थितीत ट्रान्समीटर बंद करायचा. त्या दिवशी ट्रान्समीटर बंद केला आणि चाके त्याच वेगाने फिरत राहिली. सहकाऱ्याने इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबले, मोटरांची वीज तोडणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, उघडला आणि मगच ती थांबली.

“सर, रिसीव्हर खराब दिसतोय,” तो म्हणाला.

रिसीव्हर अगदी ठणठणीत होता. संपर्क तुटल्यावर शेवटची आज्ञा धरून ठेवायची, असे त्याच्या फेलसेफमध्ये, म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचे याच्या सेटिंगमध्ये, मुळातच ठरवलेले होते. मॉडेल विमानाचा संपर्क क्षणभर तुटला तर इंजिन बंद पडण्यापेक्षा आहे तसे उडत राहणे बरे, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. माणसांच्या शेजारून जाणाऱ्या यंत्रात मात्र तोच विचार जीवघेणा ठरतो. रेडिओ गप्प झाला होता, पण रिसीव्हर जुनीच पल्स पुन्हा पुन्हा पाठवत होता. कंट्रोलरला शांतता ओळखता येत होती, शिळी आज्ञा ओळखता येत नव्हती. संपर्क तुटताच पल्स पाठवणे पूर्ण थांबवावे, असा पर्याय त्या रिसीव्हरमध्ये होता. आम्ही तो निवडला आणि काडी पुढे, मागे, वळणावर अशा प्रत्येक स्थितीत चाचणी पुन्हा घेतली.

यंत्र जमिनीवर उतरवल्यावर दुसरी गोष्ट समोर आली. सरळ चालताना सारे ठीक होते. जागेवर झटकन वळवले की ते थबके, क्षणभराने पुन्हा उसळे आणि पुन्हा थबके. संशय प्रथम रेडिओवर गेला. व्होल्टेजचे चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप लावल्यावर मात्र कारण पुरवठ्यात सापडले. जागेवर वळताना चाके जमिनीवर घासतात, मोटरा प्रचंड प्रवाह ओढतात, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि त्याच बॅटरीवरून येणारा रिसीव्हरचा 5 व्होल्टचा पुरवठाही कोसळतो. रिसीव्हर बंद पडतो, पल्स थांबतात, कंट्रोलर मोटरा थांबवतो. प्रवाह थांबल्यामुळे व्होल्टेज सावरतो, रिसीव्हर पुन्हा सुरू होतो आणि काडी पुढेच असल्यामुळे चक्र नव्याने सुरू होते. ठोकळ्यांवर चाके मोकळी फिरत असल्याने हा दोष तिथे दिसणे शक्यच नव्हते.

आम्ही रिसीव्हरला स्वतंत्र छोटी बॅटरी दिली, पल्स ऑप्टो-आयसोलेटरमधून (दोन्ही बाजूंच्या विजेचा संबंध तोडून संदेश प्रकाशाने पुढे देणाऱ्या भागातून) कंट्रोलरपर्यंत नेल्या, मोटरांच्या तारांना एकमेकींभोवती पीळ घालून त्या रिसीव्हरपासून दूर वळवल्या आणि वेग एकदम न चढता हळूहळू चढेल अशी मर्यादा घातली. संपर्क तुटून परत आला, तरी काडी एकदा मध्यावर आणल्याशिवाय यंत्र हलणार नाही, ही अटही कंट्रोलरमध्ये घातली. मला सर्व बदलांत ती सर्वाधिक मोलाची वाटते, कारण थांबलेल्या यंत्राजवळ माणूस निर्धास्तपणे जातो.

लाल बटण यंत्रावरच असल्याने धावत्या यंत्रामागे पळत जाऊन ते दाबावे लागले असते. म्हणून कॉन्टॅक्टर उघडणारा एक वेगळा रेडिओ रिले, म्हणजे रेडिओने चालणारा स्विच, बसवला. हातातले बटण सोडले किंवा त्याचा संपर्क तुटला, तरी कॉन्टॅक्टर उघडतो. नुसती वीज तोडून यंत्र उतारावर थांबत नाही, म्हणून वीज जाताच स्प्रिंगने आवळले जाणारे ब्रेकही मागवले. ते बसेपर्यंत यंत्र फक्त सपाट जमिनीवरच चालवायचे, असे ताबा देताना लेखी कळवले.