अँटिबायोटिक नको म्हणणाऱ्या मावशी

शनिवारी दुपारी डबा उघडतच होते, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला. "मॅडम, तुमचा इम्युनोथेरपीवाला पेशंट आलाय. ताप आहे, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन 86 टक्के. आणि नातेवाईक अँटिबायोटिक लावू देत नाहीयेत."

खाली गेले. काका ऑक्सिजनवर, आणि मावशी कॉटच्या कडेला सिस्टरची वाट अडवून उभ्या. मला पाहताच म्हणाल्या, "तुमीच म्हनला हुता, मॅडम. त्या गोळ्या खाल्ल्या की ह्ये म्हागाचं इंजेक्शन फुकट जातंय."

म्हणाले होते खरी.

काकांचा फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला सापडला. त्याआधी एक्स-रेतल्या डागाला टीबी समजून चार महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालली होती. आपल्याकडे हे नवं नाही. पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन; त्याच्या पहिल्या डोसच्या दिवशी मावशींच्या पिशवीत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह या अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप निघाली. साध्या खोकल्यावर मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली. मी वैतागले आणि तिथेच व्याख्यान झोडलं: आतड्यातले जंतू प्रतिकारशक्तीला तयार ठेवतात, अँटिबायोटिकने ते मरतात, मग हे औषध नीट चालत नाही.

बोलताना माझ्या डोक्यात 2018 चा फ्रेंच-अमेरिकन अभ्यास होता. फुप्फुसाच्या कॅन्सरचे 239 रुग्ण. उपचाराआधीच्या 30 दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांचा जगण्याचा मध्यक काळ (जिथवर निम्मे रुग्ण जगतात) 7.9 महिने, न घेतलेल्यांचा 24.6. हे आकडे एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. पण अँटिबायोटिक लागणारा माणूस बहुतेकदा आधीच जास्त आजारी असतो, म्हणजे सगळा दोष गोळीचा नाही, हे मी त्या दिवशी बोललेच नाही. लंडनच्या गटाचा 2019 चा अभ्यासही सांगितला नाही. त्यात तोटा दिसला तो उपचाराआधी घेतलेल्या अँटिबायोटिकचा. उपचार चालू असताना घेतलेल्याचा तसा दिसला नव्हता.

गुरुवारी गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासून, योग्य तेच अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. मावशींनी चिठ्ठी घडी घालून कनवटीला लावली आणि दोन दिवस कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

आमच्यापुढे दुसराही पेच होता. हे न्यूमोनिया, की इम्युनोथेरपीनेच फुप्फुसाला आलेली सूज? सुजेवर स्टेरॉइड लागतात. जंतुसंसर्गात नुसतेच दिले तर आग भडकते. सीटीत उजवा खालचा भाग भरलेला, डावं फुप्फुस स्वच्छ. कौल न्यूमोनियाकडे होता.

स्टूल ओढून मावशींसमोर बसले. "मावशी, त्या खोकल्याच्या गोळ्यांची गरज नव्हती. याची आहे. मी अर्धंच सांगितलं होतं, चूक माझी."

"मग ते इंजेक्शन?"

"ते थांबेल आठ-पंधरा दिवस. हा ताप नाही थांबणार."

त्या बाजूला झाल्या. रक्तातले जंतू शोधायला ब्लड कल्चर काढून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक सुरू केलं. डबा तसाच राहिला.

पाचव्या दिवशी ताप उतरला. डिस्चार्जच्या कागदावर 'परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये' या छापील ओळीखाली मी हाताने लिहिलं: 'ताप 100.4 च्या वर गेला, दम लागला, तर त्याच दिवशी फोन करा. डॉक्टरांनी तपासून दिलेलं औषध थांबवू नका.' आठवीतल्या नातवाने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मावशींनी मान डोलावली. मग विचारलं, "आन् रातच्याला केला फोन, तर उचलताल न्हवं?"