पाण्यात फ्लोराइड घालावं का, याबद्दल माझं मत

30 जून 2025 रोजी कॅनडातल्या कॅलगरी शहरानं दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात पुन्हा फ्लोराइड सोडायला सुरुवात केली. 2011 पासून ते बंद होतं. दुसऱ्याच दिवशी, 1 जुलैला, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पाण्यात फ्लोराइड घालायला बंदी करणारा कायदा लागू झाला. युटा राज्यानं तशी बंदी 7 मेपासूनच आणली होती. रसायन तेच, वाचायला शोधनिबंधही तेच, आणि निर्णय मात्र एकमेकांच्या अगदी उलट.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. अशी बातमी आली की आईबाबा फोनवरचा व्हिडिओ माझ्यापुढे धरतात. "डॉक्टर, हे विष आहे म्हणतात. मग पेस्टपण बंद करू का?" मूल खुर्चीत रडत असताना याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. फ्लोराइडबद्दल कुणी काहीही सांगितलं, की मी दोन गोष्टी विचारते: लिटरला किती मिलिग्रॅम, आणि कुठल्या सालातली गोष्ट? हे दोन आकडे नसतील तर "अमृत" म्हणणाऱ्याचंही मी ऐकत नाही आणि "विष" म्हणणाऱ्याचंही नाही. आणि जिथे गरीब घरातल्या मुलांपर्यंत दातांचा डॉक्टर पोहोचतच नाही, तिथे दुसरी काही सोय न करता पाण्यातलं फ्लोराइड बंद करणं मला चुकीचं वाटतं.

या सगळ्याची सुरुवात फ्लोराइडच्या फायद्यापासून झालीच नाही, अपायापासून झाली. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा नुकताच शिकून बाहेर पडलेला दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात आला. तिथेच जन्मलेल्या माणसांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते, आणि काहींचे तर अख्खे दात तपकिरी होते. लोक दोष द्यायचे डुकराच्या मांसाला, नासक्या दुधाला. मॅकेनं हा प्रश्न सोडला नाही. त्या काळातले सगळ्यात नामांकित दंतसंशोधक जी. व्ही. ब्लॅक 1909 मध्ये त्याच्या मदतीला आले. दोघांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. लहानपणी दात घडत असतानाच हे डाग पडतात, मोठेपणी त्या गावात राहायला आलेल्यांना पडत नाहीत. आणि या डागाळलेल्या दातांना कीड मात्र फारशी लागत नाही.

पाण्यात काहीतरी आहे एवढा संशय होता, पण काय ते सापडायला 1931 उजाडलं. अ‍ॅल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याला काळजी होती की आर्कान्सातल्या बॉक्साइट गावच्या मुलांच्या डागांचं खापर अ‍ॅल्युमिनियमवर फुटेल. त्यानं त्या गावचं पाणी तपासलं, तर फ्लोराइड निघालं लिटरला 13.7 मिलिग्रॅम. आज पाण्यात घालतात त्याच्या जवळजवळ वीस पट.

मग अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेतले दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी अमेरिकेतल्या 21 शहरांतल्या मुलांचे दात तपासून हिशेब मांडला. लिटरला साधारण 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग नजरेत भरण्याइतके पडत नाहीत आणि कीडही खूप कमी लागते. या हिशेबाच्या जोरावर 25 जानेवारी 1945 रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड सोडलं गेलं. असं करणारं ते जगातलं पहिलं शहर. पाण्यात फ्लोराइड आल्यानंतर जन्मलेल्या तिथल्या मुलांमध्ये किडीचं प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त घटलं. तुलनेसाठी शेजारचं मस्किगन शहर फ्लोराइडविना ठेवलं होतं. तिथल्या लोकांनाही मग धीर निघेना, आणि 1951 मध्ये त्यांनीही ते सुरू केलं.

हे 60 टक्के आजही प्रत्येक भाषणात ऐकू येतात, आणि इथेच माझा दुसरा प्रश्न येतो: साल कोणतं? 1945 मध्ये फ्लोराइडवाली टूथपेस्ट बाजारात नव्हती. ती अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या मध्यावर आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत घरोघरी पोहोचली. पाण्यात फ्लोराइड नसलेल्या देशांतही त्यानंतर मुलांची कीड झपाट्यानं कमी झाली. 2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दुधाच्या दातांत मुलामागे सरासरी 1.81 किडके दात कमी दिसले. पण त्यातले बहुतेक अभ्यास 1975 पूर्वीचे होते. 2024 च्या नव्या आढाव्यात 1975 नंतरचे अभ्यास वेगळे काढले, तर फायदा उरला 0.24 दात. म्हणजे मुलामागे पाव दात, आणि तोही खात्रीनं सांगता येईल असा नाही.

माझे काही सहकारी हा आकडा सांगायला कचरतात. मला तो लपवण्यात अर्थ दिसत नाही. मात्र सरासरीतला एक धोका सांगितला पाहिजे. कीड सगळ्या मुलांमध्ये सारखी वाटलेली नसते. बऱ्याच मुलांचे दात स्वच्छ असतात, आणि थोड्या मुलांच्या तोंडात आठ-आठ, दहा-दहा दात किडलेले असतात. अशा मुलाच्या दाढांची कीड मुळापर्यंत गेलेली असते, गाल सुजलेला असतो, ते रात्र-रात्र झोपत नाही, आणि शेवटी चार वर्षांच्या जिवाला पूर्ण भूल देऊन दात काढावे लागतात. भूल देताना आईचा हात सोडवून घेतात तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते पाव दात या आकड्यात कुठेच येत नाही.

फ्लोराइड नेमकं करतं काय, हेही थोडक्यात सांगते, कारण पेस्टच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आपण गोड खाल्लं की तोंडातले जीवाणू आम्ल तयार करतात. आम्लता वाढून पीएच (तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली, म्हणजे एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. नंतर लाळ ती हळूहळू परत भरते. या वेळी लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर भरणी लवकर होते, आणि तयार होणारं खनिज पीएच 4.5 च्या आसपास उतरेपर्यंत टिकाव धरतं. पूर्वी समजूत होती की फ्लोराइड पोटात गेलं पाहिजे, म्हणजे दात आतून कणखर घडतात. आता आपल्याला माहीत आहे की मुख्य काम दात उगवल्यानंतर, दाताच्या पृष्ठभागावर होतं. मग ते गिळायची गरजच काय, हा विरोधकांचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे. पाण्याच्या बाजूनं माझ्याकडे एकच उत्तर आहे: पाणी दिवसभर घोट-घोट दातांवरून जातं, आणि ज्या घरात ब्रश नियमानं होत नाही त्या घरातही जातं.

आता विषाचा प्रश्न. 1950 च्या दशकात अमेरिकेत हा कम्युनिस्टांचा कट आहे असं म्हणणारे होते, आणि बरीच वर्षं सगळ्याच विरोधकांना त्यांच्या पंगतीला बसवून मोडीत काढलं गेलं. मला ते तेव्हाचंही पटत नाही आणि आजचंही नाही. आजच्या काही शंका गंभीर आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमनं, म्हणजे रसायनांचे अपाय तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमानं, निष्कर्ष दिला की लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, आणि या निष्कर्षावर त्यांचा विश्वास 'मध्यम' आहे. 0.7 मिलिग्रॅमबद्दल, म्हणजे अमेरिकेत पाण्यात घालतात त्या मात्रेबद्दल, ठरवायला पुरेशी माहिती नाही असंही त्यांनीच लिहिलं. हे दुसरं वाक्य व्हिडिओत कधी नसतं. पुढे जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 74 अभ्यास होते. त्यातले 52 पक्षपाताचा धोका जास्त असलेले, म्हणजे कच्चे, असं संशोधकांनीच नोंदवलं. या विषयातले बरेचसे अभ्यास जमिनीतूनच भरपूर फ्लोराइड येतं अशा भागांतले आहेत.

पण एवढं सांगून मी निश्चिंत होत नाही. 2019 मध्ये कॅनडातल्या 512 आई-मुलांच्या जोड्यांवरचा अभ्यास आला. तिथलं पाणी जास्त फ्लोराइडचं नव्हतं. तरी गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत फ्लोराइड जास्त होतं त्यांच्या मुलग्यांचा बुद्ध्यंक काहीसा कमी दिसला. मुलींमध्ये तसं दिसलं नाही. दुसरीकडे, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये मुलं मोठी होईपर्यंत केलेल्या अभ्यासात काहीच फरक आढळला नाही. यातून मला ठाम उत्तर मिळत नाही. मला खटकतं ते अंतर. 0.7 आणि 1.5 मध्ये जेमतेम दुपटीचा फरक आहे. अपायकारक पदार्थाची सुरक्षित मर्यादा ठरवताना साधारण दहापट अंतर ठेवायची पद्धत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी याच अंतरावर बोट ठेवून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला पावलं उचलायला सांगितलं. त्याच निकालात त्यांनी हेही लिहिलं की असं पाणी घातक असल्याचं खात्रीनं सिद्ध झालेलं नाही.

त्यातही मला मोठ्या माणसांची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाची. त्याचं जवळजवळ सगळं अन्न पाण्यात कालवलेलं असतं, आणि वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. पुढच्या दातांचं कवच त्याच काळात घडत असतं, त्यामुळे पांढरे ठिपके पडण्याची शक्यता वाढते. अशा बाळाचं दूध कमी फ्लोराइडच्या पाण्यात कालवा असं मी आयांना सांगते. त्यासाठी बुद्ध्यंकाचा वाद मिटायची वाट बघायला नको.

यंत्र बिघडलं तर काय होतं, हेही विसरता येत नाही. 1992 मध्ये अलास्कातल्या हूपर बे गावात फ्लोराइड सोडणारी यंत्रणा बिघडली आणि पाण्यात लिटरला 150 मिलिग्रॅम फ्लोराइड उतरलं. शेकडो लोक आजारी पडले, एक जण दगावला. पाण्यात काही मिसळायचं तर ते रोज मोजणारं माणूस हवं. तेवढी ऐपत नसलेल्या छोट्या गावानं यात पडूच नये.

आता बंद करण्याबद्दल. फिनलंडच्या कुओपिओ शहरानं 1992 अखेर फ्लोराइड थांबवलं, आणि तिथे कीड वाढली नाही. विरोधक हे उदाहरण देतात, आणि ते खरं आहे. पण तिथे मुलांच्या दातांची तपासणी, दाढांच्या खाचा बुजवणं, फ्लोराइडचा लेप हे सगळं आधीपासून भरपूर होत होतं. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरानं 2003 मध्ये पाण्यातलं फ्लोराइड थांबवलं, पण त्या देशात मिठातून फ्लोराइड मिळतं. आणि ज्याला नको तो साधं मीठ घेऊ शकतो. ही निवडीची मोकळीक मला मनापासून आवडते. नळाच्या पाण्यात ती नाही. कुणाला विचारल्याशिवाय सगळ्यांना एकच मात्रा पाजणं, या आक्षेपाला फ्लोराइडच्या समर्थकांकडे पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही.

पण कॅलगरीत काय झालं ते पाहा. 2011 मध्ये बंद केलं, पण त्याच्या जागी तेवढ्या मोलाचं काही दिलं नाही. सात-आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले तेव्हा कॅलगरीत 64.8 टक्के मुलांना कीड होती. फ्लोराइड चालूच ठेवलेल्या, त्याच प्रांतातल्या एडमंटन शहरात 55.1 टक्के. शंभरातल्या दहा मुलांचा हा फरक आहे, तोही घरोघरी पेस्ट असलेल्या काळात. 2021 मध्ये नागरिकांनीच मतदान करून फ्लोराइड परत मागितलं. यंत्रणा जुनी झाली होती, ती उभी करून पुन्हा सुरू करायला 2025 उजाडलं. मधल्या काळात जी मुलं लहान होती, त्यांच्या किडलेल्या दाढा परत आल्या नाहीत.

म्हणून युटा आणि फ्लोरिडासाठी माझा प्रश्न आहे: शाळाशाळांत फ्लोराइडचा लेप लावणारी माणसं कुठे आहेत? ती आधी नेमा, वर्ष-दोन वर्षं काम चालू द्या, मग नळातलं फ्लोराइड खुशाल थांबवा. त्या दिवशी मी विरोध करणार नाही.

आणि आईबाबांनो, पेस्ट बंद करू नका. तुमच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे ते पाणीपुरवठा करणाऱ्यांकडून विचारून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तपासून घ्या. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते पाणी मुलांना प्यायला देऊ नका, दुसरी सोय बघा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रश तुम्ही हातात धरा, पेस्ट तुम्ही लावा, आणि मूल फेस थुंकायला शिकेपर्यंत शेजारी उभे राहा. पेस्टची ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. रात्री ब्रश झाल्यावर दूध किंवा गोड काही देऊ नका, फक्त पाणी द्या.