पावसाने पाडलेला पायंडा

छोट्या गावातल्या उघड्यावरच्या संगीत महोत्सवाला चार-पाच उन्हाळे झाले, की तिथे परंपरा तयार होतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या मोडल्याबद्दल भांडणं सुरू होतात. पूर्वी गवतावर बसायचो, आता खुर्च्या आल्या. पूर्वी गाणारा हाकेच्या अंतरावर असायचा, आता त्याचा चेहरा पडद्यावर शोधावा लागतो. ही तक्रार करणारा गृहस्थ पहिल्या वर्षी बहुधा आलेलाच नसतो. म्हणून तर त्या वर्षाबद्दल तो इतकं ठामपणे बोलू शकतो.

मला वाटतं, या महोत्सवांच्या टिकणाऱ्या परंपरा कुठल्या समितीने ठरवलेल्या नसतात. त्या गैरसोयीच्या पोटी जन्मतात. सभागृहात गैरसोय दाराबाहेर ठेवता येते. मैदानात पाऊस, डास, अंधार आणि झोपमोड झालेले शेजारी हे सगळे कार्यक्रमातच असतात, आणि त्यांच्याशी आधी बोलणी करता येत नाहीत.

अमेरिकेतल्या लेनॉक्स गावाजवळ टँगलवूड हे अशाच एका महोत्सवाचं ठिकाण आहे. १९३७च्या ऑगस्टमध्ये तिथे बॉस्टन सिम्फनीचा वाद्यवृंद तंबूत वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवत होता. वाग्नर म्हणजे मुळातच गडगडाट, पण त्या संध्याकाळी आभाळाने त्याच्यावरही मात केली. वादन थांबवावं लागलं. तेव्हा महोत्सवाच्या कर्त्याधर्त्या गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ मंचावर गेल्या आणि ओल्या श्रोत्यांकडे पक्क्या छपरासाठी सरळ पैसे मागितले. (देणगी मागायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.) पुढच्याच उन्हाळ्यात छप्पर उभं राहिलं, पण बाजू मोकळ्या ठेवल्या. आजही छपराखाली जागा असताना कितीतरी लोक मुद्दाम बाहेरच्या हिरवळीचं तिकीट काढतात, डबे उघडून पसरतात आणि वर बघत बसतात. छप्पर आल्यामुळेच हिरवळीवर बसणं ही हौस झाली. त्याआधी तो नाइलाज होता.

इटलीतल्या व्हेरोनाला छोटं गाव म्हणता येणार नाही, पण तिथल्या मेणबत्त्यांचा मोह आवरत नाही. रोमनकालीन उघड्या प्रेक्षागारात १९१३ साली ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकांचा, महोत्सव सुरू झाला, तेव्हा प्रेक्षकांनी मेणबत्त्या लावल्या त्या अंधारात ऑपेराची संहिता वाचता यावी म्हणून. पुढे दिवे आले, वाचायची सोय झाली, मेणबत्त्या मात्र राहिल्या. काम संपल्यावरच त्यांचा सोहळा झाला.

इंग्लंडमधल्या पिल्टन गावच्या मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने १९७०मध्ये आपल्या रानात ग्लास्टनबरीचा पहिला महोत्सव भरवला. तिकीट एक पौंड, वर गोठ्यातलं दूध फुकट. आता तिथे दोन लाखांवर माणसं येतात. फुकटच्या दुधाबद्दल हळहळणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की दोन लाखांना पुरेल इतकं दूध काढायचं कुणी? तिथली एक प्रथा मात्र मला फार आवडते. काही वर्षांनी एकदा महोत्सवच भरत नाही. रान तुडवून निघालेलं असतं, त्याला विश्रांती देतात. संगीताच्या जत्रेत गवतालाही असा मान आहे.

काही बदल मात्र माणसंच घडवतात, आणि तेव्हा खरी मजा येते. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात १९६५ साली बॉब डिलन हा गायक नेहमीच्या साध्या गिटारीऐवजी विजेची गिटार घेऊन मंचावर आला आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. हुर्यो त्या गिटारीची होती, की खराब आवाजाची, की गाणी फार थोडी झाली याची, यावर जाणकार अजून भांडतात. त्यानंतर तो तिथे पुन्हा गायला थेट २००२मध्ये, डोक्यावर केसांचा टोप आणि खोटी दाढी लावून! का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. विजेच्या गिटारीचं तोवर कुणालाच काही वाटेनासं झालं होतं. दरवर्षी एकाने तरी खोटी दाढी लावून गावं, असा पायंडा मात्र तिथे पडला नाही. पडायला हरकत नव्हती.