वजा एकतीस आणि वजा दहा

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्यांची पत्रे आली, एक शिकागोहून आणि दुसरे ह्यूस्टनहून. दोन्ही शहरांत राहिलेली घरातली एकमेव व्यक्ती मी, त्यामुळे निवाड्यासाठी फोन साहजिकच माझ्याकडे आला. २०१० पासून २०१९ च्या वसंत ऋतूपर्यंत आम्ही शिकागोत होतो, आणि तेव्हापासून ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येकडील एका उपनगरात आहोत. भाच्याने पगार, घरभाडे, प्राप्तिकर आणि सरासरी तापमान यांचा व्यवस्थित तक्ता करून पाठवला होता. त्यात चूक एकही नव्हती, परंतु या दोन शहरांत राहण्यात जो खरा फरक मला जाणवला तो त्या तक्त्यात कुठेच बसत नव्हता, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात तापमानापासूनच करते, कारण तक्ता सर्वाधिक फसवतो तो तिथेच. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. शाळा बंद होत्या, टपाल बंद होते, आणि उपनगरी रेल्वेचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी ज्वाला पेटत्या ठेवल्या होत्या. आम्ही रॉजर्स पार्कमधील एका जुन्या, विटांच्या तीन मजली इमारतीत राहत होतो. तिथल्या वाफेच्या रेडिएटरने खोली इतकी तापत असे की त्या दिवशीसुद्धा आम्ही स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवली होती. दुपारी कांदेपोहे झाले, दोनदा चहा झाला, आणि बाहेर जायचे नाही एवढाच काय तो त्या ऐतिहासिक थंडीचा आम्हाला त्रास.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ फेब्रुवारी २०२१ रोजी, ह्यूस्टनचे तापमान उणे १० च्या थोडे खाली गेले. शिकागोचा माणूस असल्या थंडीत कुत्र्याला फिरवून आणतो. येथे मात्र वीज गेली ती आमच्याकडे दोन दिवस आली नाही. टेक्सासची वीजवाहिन्यांची यंत्रणा उरलेल्या देशापासून बव्हंशी स्वतंत्र आहे, त्यामुळे राज्यातील वीजनिर्मिती कोलमडल्यावर बाहेरून पुरेशी वीज आणण्याची सोयच नव्हती, आणि ४५ लाखांहून अधिक घरे व व्यवसाय अंधारात गेले. इथली घरे उष्णता बाहेर टाकण्याच्या हिशेबाने बांधलेली असतात आणि पाण्याचे नळ पुष्कळदा माळ्यावरून गेलेले असतात, ते फुटले. आमचे फुटले नाहीत, हे नशीब. पण घरात चार अंश तापमान होते आणि आम्ही दोघे व मुलगी एकाच खोलीत घरातील सर्व गोधड्या अंगावर घेऊन बसलो होतो. शेजाऱ्यांकडे गॅसची शेगडी होती, म्हणून गरम खायला मिळाले. राज्याच्या अधिकृत नोंदीनुसार त्या थंडीने २४६ माणसे दगावली.

उणे एकतीसमध्ये खिडकी उघडी आणि उणे दहामध्ये जीव धोक्यात, याचे कारण शिकागोची थंडी सौम्य आहे असे नाही. शिकागोने थंडीला शहराचे काम मानले आहे. ह्यूस्टनमध्ये ऊन असो, पाणी असो वा वीज, शेवटची तजवीज ज्याची त्याने करायची असते. पुढे जे सांगणार आहे ते सर्व या एकाच गोष्टीचे निरनिराळे पैलू आहेत.

पाण्याचे उदाहरण घ्या. मिशिगन सरोवराचे पाणी शिकागोला पिण्यासाठी लागते आणि सांडपाणी नदीतून त्याच सरोवरात जात होते, म्हणून या शहराने १९०० साली कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. पुढे मुसळधार पावसात तळघरे तुंबू लागली तेव्हा जमिनीखाली १०९ मैल लांबीचे बोगदे खणले. तरीही तळघरे अधूनमधून तुंबतातच. शिवाय १९८६ पर्यंत घराला येणारी जलवाहिनी शिशाचीच असावी असा या शहराचा नियम होता, आणि त्यातील लाखो नळ अजून जमिनीत आहेत. त्यामुळे शिकागो म्हणजे आदर्श शहर असे कोणी समजू नये. तिथे आम्ही नऊ वर्षे गाळणीशिवाय पाणी प्यायलो नाही.

ह्यूस्टनचे पाणी मला खऱ्या अर्थाने समजले ते अण्णांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला पूर्ण बुडाला होता. घर धुऊन, वाळवून, रंगवायला देऊन आई-अण्णा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही नेमके घर विकत घेण्याच्या खटपटीत होतो. ह्यूस्टनचा मोठा भाग पुरात बुडवणाऱ्या हार्वे वादळाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. दलाल बाई प्रत्येक घराचे स्वयंपाकघर दाखवत आणि अण्णा गॅरेजमध्ये जाऊन भिंतीवरची ओलीची रेघ शोधत. एका घरात त्यांनी मला हाक मारून जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीचा रंग बदललेला दाखवला. ते घर स्वस्त का होते ते आम्हाला त्या क्षणी कळले.

मग त्यांनी विचारले, ‘‘इथं पाणी किती चढलं हे बघायचं कुठल्या पुलावर?’’

प्रश्न अगदी योग्य होता. ह्यूस्टन जवळजवळ सपाट आहे आणि त्यातून वाहणाऱ्या संथ ओढ्यांना बायू म्हणतात. ह्यूस्टन ज्या जिल्ह्यात येते त्या हॅरिस काउंटीच्या संकेतस्थळावर त्यांच्यावरील पुलांपाशी बसवलेल्या मापकांची पातळी क्षणोक्षणी दिसते. मी ते पान उघडून दिले आणि अण्णांची पुढची संध्याकाळ त्यातच गेली. अमेरिकेत पूरनकाशे असतात आणि त्यांत ‘शंभर वर्षांच्या पुरा’ची रेषा असते, हेही मी त्यांना सांगितले. शंभर वर्षांतून एकदा असा त्याचा अर्थ नसून दर वर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती शक्यता सुमारे २६ टक्क्यांवर जाते. शिवाय ही रेषा स्थिर नाही. २०१८ मध्ये पावसाचे आकडे नव्याने मांडले गेले तेव्हा ह्यूस्टन परिसरात अशा पुराला कारण होणारा एका दिवसाचा पाऊस १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. म्हणजे घर जागचे हलले नाही, पूर त्याच्या जवळ आला. अण्णांनी मान डोलावली. सांगलीच्या पूररेषेचा वाद त्यांनी २००५ पासून पाहिलेला आहे.

नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. त्यासाठी केंद्र सरकारच्या योजनेचा वेगळा विमा घ्यावा लागतो, तो साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, म्हणून वादळाची बातमी ऐकून घेतलेला विमा कामाचा नाही, आणि इमारतीसाठी त्याची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. ही माहिती मला कोणत्याही कचेरीने आपण होऊन दिली नाही. ती मी रात्री जागून वाचली. ह्यूस्टनमध्ये घर घेणाऱ्याला थोडेसे जलतज्ज्ञ व्हावेच लागते.

माती हा आणखी एक विषय. इथली चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या जमिनीसारखीच आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्याबरोबर घराचा पायाही हलतो. म्हणून इथे तळघरे जवळपास नसतात आणि कडक उन्हाळ्यात लोक पायाच्या कडेने झिरपणारी नळी टाकून माती ओलसर ठेवतात. उसाला पाणी पाजण्यात आयुष्य गेलेल्या अण्णांना घराला पाणी पाजण्याची ही कल्पना इतकी आवडली की ते रोज सकाळी नळी तपासू लागले.

आईचा अनुभव निराळा होता. २०१४ च्या उन्हाळ्यात ती शिकागोला आली तेव्हा आठवड्याभरात एकटी बाहेर पडू लागली. शिकागोचे पत्ते गणिती आहेत. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे मिळतात तिथे शून्य, आणि तिथून दर मैलाला ८०० आकडे. भारतीय दुकानांचा डेव्हन रस्ता ६४०० उत्तरेला, म्हणजे शून्यापासून बरोबर आठ मैलांवर. आई गणिताची शिक्षिका, तिला इंग्रजी बोलण्याचा संकोच होता पण आकड्यांचा नव्हता. लोयोला स्थानकाजवळून १५५ क्रमांकाच्या बसने ती डेव्हनला जाई, मेथीची जुडी आणि हिरव्या मिरच्या घेऊन परत येई, आणि संध्याकाळी सरोवराच्या काठी बाकावर बसलेल्या दोन गुजराती बायकांशी गप्पा मारी. सरोवराचा हा काठ जवळजवळ सगळाच सार्वजनिक आहे. १८ मैलांची पायवाट आहे आणि तिथे बसायला पैसे लागत नाहीत.

ह्यूस्टनमध्ये त्याच आईने अडीच महिन्यांत एकदाही एकटीने उंबरठा ओलांडला नाही. घर मोठे होते, अंगण होते, तिच्यासाठी स्वतंत्र खोली होती; पण जवळचे किराणा दुकान पाच किलोमीटरवर आणि मधल्या रस्त्याला काही ठिकाणी पदपथच नाही. हिलक्रॉफ्टवरील महात्मा गांधी भागात डेव्हनइतकेच सगळे मिळते, पण तिथे न्यायला मी किंवा माझा नवरा मोकळा असावा लागे. शहरात २००४ पासून लाइट रेल आहे, ती टेक्सास मेडिकल सेंटर या रुग्णालयांच्या मोठ्या संकुलापर्यंत जातेही, मात्र आमच्या उपनगराशी तिचा संबंध नाही. मी नोकरीला पार्क अँड राइडच्या बसने जाते, आणि त्या बसपर्यंत मोटारीने. आई एकदा हसत म्हणाली, ‘‘घर अगदी बंगल्यासारखं आहे गं, पण मी पार्सलसारखी.’’ अर्थात ती जानेवारीत शिकागोला आली असती तर तिथेही घरातच बसली असती, हे मान्य केले पाहिजे. साडेचारच्या आत मावळणारा डिसेंबरचा सूर्य काही माणसांना खरोखर आजारी करतो. त्या नऊ हिवाळ्यांतील दोन मला फार जड गेले.

पैशांचे थोडक्यात सांगते. इलिनॉय ४.९५ टक्के प्राप्तिकर घेते, टेक्सास काहीच घेत नाही, आणि भाच्याचा तक्ता इथेच थांबला होता. ह्यूस्टनच्या नव्या उपनगरांत पाणी, गटारे आणि पूरनिचरा यांच्यासाठी काढलेल्या कर्जाची फेड करणारे छोटे जिल्हे असतात. त्यांचा कर धरून मालमत्ताकर घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. शिवाय दर वसंतात मूल्यांकनाला हरकत घेण्याचा एक वार्षिक सोहळा असतो. शिकागोत पहिली सहा वर्षे आमच्याकडे मोटार नव्हती. येथे दोन आहेत. हे सर्व मोजूनही घर ह्यूस्टनमध्येच परवडते. त्याचे एक कारण असे की, या शहराने १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदान करून भूवापराचे सर्वंकष नियमन, म्हणजे कुठे घर आणि कुठे दुकान हे ठरवून देणारे नियम, नाकारले, त्यामुळे घरे भराभर बांधता येतात. भोजनालयाशेजारी दवाखाना आणि त्याशेजारी टायरचे दुकान, हे दृश्य बघून मला तर थेट पुणे-सातारा रस्त्याची आठवण होते.

माणसांबद्दल एक निरीक्षण मात्र माझ्याच म्हणण्याला छेद देते. शिकागोत बर्फ उपसून मोकळी केलेली मोटारीची जागा माणूस जुनी खुर्ची ठेवून अडवतो. रस्ता सार्वजनिक, पण खुर्ची हलवण्याची कोणाची छाती होत नाही. आणि जिथे प्रत्येकाची तजवीज प्रत्येकाने करायची त्या ह्यूस्टनमध्ये, २०२४ च्या जुलैत बेरिल वादळानंतर आमची वीज पुन्हा गेली तेव्हा, समोरच्या घरातील गृहस्थांनी न विचारता आपल्या जनित्राची वायर रस्ता ओलांडून आमच्या फ्रिजपर्यंत आणून दिली. त्यांचे नाव मला तोवर नीट ठाऊकही नव्हते.

अंगणाच्या बाबतीत शिकागोला संधीच नाही. तिथे कढीपत्ता कुंडीत, खिडकीशी, आजारी माणसासारखा जगवावा लागे. येथे तो माझ्या उंचीचा झाला आहे, फक्त गारठ्याच्या रात्री त्याला चादर घालावी लागते. जूनमध्ये रस्तोरस्ती क्रेप मर्टल फुलते. हे आपल्या ताम्हणाचे सख्खे भावंड, फुले लहान पण तोच झालरीचा साज.

भाच्याला मी तीन प्रश्न पाठवले. मोटार चालवण्याचा परवाना आहे का? आई-बाबा यायचे असतील तर कोणत्या महिन्यात, आणि दिवसभर त्यांच्याजवळ कोण असेल? भाड्याने घ्यायचे घर तळमजल्यावर आहे का, आणि असल्यास त्या भागाचा पूरनकाशा पाहिला का? पहिल्याचे उत्तर ‘अजून नाही’ असे आले आहे, म्हणून निदान पहिली दोन वर्षे तरी शिकागो घे, असे मी त्याला सांगितले. मी स्वतः परत जाईन का, असे त्याने विचारले. नाही जाणार, मुलीची शाळा, माझी नोकरी आणि तो कढीपत्ता इथे आहे. पण गॅरेजमध्ये जनित्र आहे, पुराचा विमा दर वर्षी वेळेवर भरते, आणि ह्यूस्टनला जोराचा पाऊस लागला की सांगलीहून अण्णांचा फोन येतो. ते पान त्यांनी अजून उघडे ठेवले आहे, आणि आमच्या बायूला किती फूट पाणी आहे हे बहुतेक वेळा मला त्यांच्याकडूनच कळते.