भाकर मिळाल्यावर

विळदचा घाट उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. नगरहून पहाटे तीनला निघालो होतो, चौदा जण, हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला पायी. शुक्रवार, म्हणून जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग. गेथशेमाने बागेतली वेदना, फटके, काट्यांचा मुकुट. मनमाड रोडवरच्या ट्रकांच्या आवाजात मंडळी जोर लावून म्हणत होती. पुढं चालणाऱ्या एका मावशींचा गळा म्हणता म्हणता भरून आला. त्यांच्या मुलाचं डायलिसिस चालू आहे. त्यांना देवाकडे काय मागायचं ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी चालत होतो ते त्याचसाठी.

आमच्या घरात ख्रिस्त भुकेच्या वाटेनं आला, हे मी कधी लपवलं नाही. पणजोबांचा बाप्तिस्मा दुष्काळातला. आजोबा बेलापूर कंपनीच्या, म्हणजे हरेगावच्या साखर कारखान्याच्या, मळ्यात ऊस तोडायचे. वडील शिकले मिशनच्या बोर्डिंगात. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत होती. गावात लोक तोंडावर म्हणायचे, तुकड्यासाठी बाटले. आजी ते ऐकून गप्प बसत नसे. म्हणायची, "भाकरीसाठी गेलो असतो तर भाकर सरल्यावर माघारी आलो असतो. आलो का?" जात्यावर बसली की दळायच्या आधी मूठभर जोंधळे ती बाजूच्या गाडग्यात टाकायची. ते देवळाचे, म्हणजे चर्चचे. घरात चार मुठी असल्या तरी त्यातली एक तिकडे जायची.

माझी परीक्षा आजीच्या उलटी आहे. भाकर सरली नाही, वाढली. पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, गाडी आहे, मुलगी परदेशात शिकते. मधे आठ महिने नोकरी गेली होती. तेव्हा एकाही बुधवारची नोव्हेनाची प्रार्थना चुकवली नाही, रात्री बायको-मुलीला घेऊन गुडघ्यावर बसायचो. नोकरी लागली, आधीपेक्षा चांगली लागली, आणि नोव्हेनाचं पुस्तक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेलं. कुणी छळलं नाही, कुणी अडवलं नाही. एका रविवारी मुलीचा क्लास, पुढच्या रविवारी पाहुणे, मग नुसताच थकवा. मिस्सा, म्हणजे रविवारची चर्चमधली उपासना, चुकली तर पूर्वी दिवसभर चुटपुट लागायची. एके दिवशी लक्षात आलं की तीही लागत नाही. मी हादरलो तो त्या दिवशी. ज्यांनी आजीला तुकड्याचा टोमणा मारला, त्यांना मी पन्नास-साठ वर्षांनी खरं ठरवत होतो.

रात्री राहुरीत एका शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम केला. आमच्यात एक निवृत्त कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे, मास्तर होते. पाय चोळता चोळता ते रेव्हरंड ना. वा. टिळकांचं सांगत होते. नगरलाच बरीच वर्षं गेलेले टिळक. त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. मास्तर म्हणाले, "पोटाला कमी पडत होतं म्हणून नाही सोडला. पगार येत होता, तोच त्यांना मधे येतोय असं वाटलं." मी बराच वेळ जागा होतो. पगार सोडायची माझी तयारी नाही. मास्तरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "सोडू नका. पण तो कुठून येतो ते विसरू नका." मग बॅटरीच्या उजेडात बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचून दाखवला. पोटभर जेवाल, चांगली घरं बांधून राहाल, गुरंढोरं नि सोनंनाणं वाढेल, तेव्हा मन चढू देऊ नका. मिसराच्या दास्यातून कुणी काढलं ते विसरू नका. मोशे हे रानातल्या उपाशी लोकांना सांगतो, भाकर हातात यायच्या आधीच.

शनिवारी आनंदाची रहस्ये. आणि मला एक गोष्ट जाणवली: कालच्यापेक्षा आमचा आवाज पडला होता. पायांना फोड आले होते हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. दुःख कसं म्हणायचं ते आम्हाला घराघरांत शिकवलंय. आनंद घेऊन देवापुढं कसं उभं राहायचं, ते फार जणांना येत नाही. दुसऱ्या रहस्यात मारिया एलिझाबेथला भेटायला डोंगराळ मुलखात जाते. तिची बातमी आनंदाची आहे, तरी ती घरात बसत नाही, वाट तुडवते. आणि तिथं पोहोचून जे गाते त्यात आहे की देवानं भुकेल्यांना तृप्त केलं नि धनवानांना रिकाम्या हातानं लावून दिलं. ही ओळ मी लहानपणापासून आजीच्या बाजूनं ऐकत आलो. या खेपेला ती दुसऱ्या बाजूनं ऐकली.

दुपारी उन्हाचा तडाखा असा की उसाच्या कडेनंही सावली मिळेना. जवळचं पाणी संपलं होतं. रस्त्याकडेच्या एका वस्तीवरून बाईंनी हाक मारली, "माउलीला चाल्लात नव्हं? टेका जरा." घर हिंदूंचं. मतमाउलीला ती माणसंही येतात, त्यांच्या कपाटावर तिची तसबीर होती. बाईंनी चुलीवर तवा टाकला. परातीत भाकरी थापताना त्यांच्या बोटांचे ठसे कडेला उमटत होते. पाण्याचा हात फिरवून उलटली, मग निखाऱ्यावर उभी केली, टम्म फुगली. पिठलं आणि ठेचा. जेवायच्या आधी आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. 'आमची रोजची भाकर' या शब्दांवर आलो नि माझं तोंड थांबलं. कित्येक वर्षांत ते शब्द मी भुकेल्या पोटी उच्चारले नव्हते.

संध्याकाळी प्रवरा ओलांडून श्रीरामपुरात टेकलो, रविवारी सकाळी हरेगाव. ज्या साखर कारखान्यानं या माळाला पैसा दाखवला तो केव्हाच बंद पडला. यात्रा १९४९ पासून चालू आहे. मेणबत्त्यांची दुकानं, नारळ, पाळणे, लेकरांची रडारड, स्पीकरवर गायन. आजोबा या गर्दीत कामाच्या कपड्यांतच उभे राहायचे म्हणे.

रांगेत दोन तास गेले. पुढच्या मावशी मुलाचं नाव पुटपुटत होत्या. मी मागायचं काही नाही असं ठरवून एकेक मिळालेलं सांगायला लागलो. वडिलांना बोर्डिंगात घेतलं ते. आईचं ऑपरेशन नीट झालं ते. त्या आठ महिन्यांत ज्या मित्रानं न विचारता घरभाडं भरलं, तो. मुलीची फी. कालची भाकर. मूर्तीपुढं आलो तेव्हा निम्मंही झालं नव्हतं, आणि मागून लोक सरकत होते. मेणबत्ती लावून बाजूला झालो. मंडपाच्या कडेला चपला काढून बसलो आणि उरलेलं सांगू लागलो.