ड्राफ्ट लीगची नोंद : टार्कोव्स्कीसाठी टिम्बर द्यावा का?

नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे प्रीमियर लीग थांबली की आमच्या सांगली-मिरजेच्या ड्राफ्ट लीगमध्ये सौदेबाजीला ऊत येतो. ड्राफ्ट लीग म्हणजे प्रीमियर लीगच्या खऱ्या खेळाडूंचे आपापले काल्पनिक संघ बांधून त्यांच्या प्रत्यक्ष खेळावर गुण मिळवण्याचा खेळ; यात एक खेळाडू एकाच जणाच्या संघात असू शकतो. या वेळी, म्हणजे नोव्हेंबर 2025 मध्ये, मिरजेच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्यासमोर प्रस्ताव ठेवला आहे की, त्यांचा एव्हर्टनचा जेम्स टार्कोव्स्की मी घ्यावा आणि माझा आर्सेनलचा युरिएन टिम्बर त्यांना द्यावा. दोघेही बचावपटू असल्याने दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मिडफिल्डर आणि तीन फॉरवर्ड ही संघरचना कोणाचीच बिघडत नाही, त्यामुळे नियमाची अडचण नाही. प्रश्न फक्त किमतीचा आहे.

डॉक्टरसाहेबांचा युक्तिवाद असा : "अहो, टार्कोव्स्की म्हणजे दर आठवड्याला दोन गुण हमखास. तुमच्या टिम्बरला आता टॉटनहॅम, मग चेल्सीच्या मैदानावर चेल्सी, मग ब्रेन्टफर्ड, मग व्हिला पार्क. क्लीन शीट मिळणार कुठून?" (क्लीन शीट म्हणजे संघाने सामन्यात एकही गोल न खाणे.) त्यातच 15 नोव्हेंबरला सेनेगलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ब्राझीलकडून खेळताना आर्सेनलचा बचावपटू गॅब्रिएल दुखापतग्रस्त झाला आणि त्यांच्या बोलण्याला चांगलीच धार आली.

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, कारण 2025-26 च्या हंगामापासून बचावपटूंचे गणितच बदलले आहे. क्लिअरन्स (चेंडू दूर हाकलणे), ब्लॉक (फटका अडवणे), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणे) आणि टॅकल (चेंडू हिसकावणे) मिळून दहा झाले की बचावपटूला दोन जादा गुण मिळतात. नऊवर थांबला तर काहीच नाही, आणि वीस केले तरी दोनच. मिडफिल्डर व फॉरवर्ड यांना हीच मजल बारावर गाठावी लागते, मात्र त्यांच्या हिशेबात परत मिळवलेले चेंडूही धरले जातात. ज्या संघावर दडपण जास्त, त्याच्या सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, डोक्याने आणि पायाने चेंडू हाकलण्याची संधीही जास्त. म्हणूनच टार्कोव्स्कीसारखा उंचापुरा, पेनल्टी क्षेत्रात ठाण मांडून बसणारा खेळाडू या नियमाचा स्वाभाविक लाभार्थी ठरला. शिवाय क्लीन शीट गेली त्याच सामन्यात क्लिअरन्सचा ढीग पडण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे त्याच्या कमाईची एक बाजू पडली तर दुसरी तिला सावरते. टिम्बरचे तसे नाही. आर्सेनलकडे चेंडू अधिक काळ राहतो आणि टिम्बर फुलबॅक म्हणून, म्हणजे बचावाच्या कडेला, खेळतो, त्यामुळे दहाची मजल तो अधूनमधूनच गाठेल, असे मी धरून चालतो.

मग मी वहीत दोघांचा एका सामन्याचा अंदाज मांडला. हे आकडे माझ्या अदमासाचे आहेत, कोणत्याही संकेतस्थळावरचे नाहीत. दोघेही साठ मिनिटांपेक्षा जास्त खेळतील असे धरून प्रत्येकी दोन गुण. क्लीन शीटचे चार गुण. त्याची शक्यता टिम्बरला निम्मी, म्हणजे दोन गुण, आणि टार्कोव्स्कीला तीस टक्के, म्हणजे 1.2. बचावाचे जादा दोन गुण टिम्बरला चारातून एकदा, म्हणजे 0.5, टार्कोव्स्कीला साठ टक्के वेळा, म्हणजे 1.2. गोल आणि असिस्टपोटी टिम्बरला 0.7 व टार्कोव्स्कीला 0.3 धरले. संघाने खाल्लेल्या दर दोन गोलांमागे एक गुण वजा होतो, त्यापोटी अनुक्रमे 0.1 आणि 0.3 कापले. बेरीज टिम्बर 5.1, टार्कोव्स्की 4.4. गॅब्रिएलच्या अनुपस्थितीमुळे टिम्बरची क्लीन शीटची शक्यता चाळीस टक्क्यांवर आणली तरी तो 4.7 वर राहतो. मॉस्केरा आणि हिन्कापिये हे बचावपटू पर्याय म्हणून हाताशी असलेल्या संघाचा बचाव एका दुखापतीने याहून फार ढासळेल, असे मला वाटत नाही.

एवढ्या थोड्या फरकावर सौदा मोडण्याचे कारण नव्हते. अंदाजातील चूकच त्याहून मोठी असू शकते. खरा निर्णय तिसऱ्या रकान्याने केला, आणि तो रकाना मोकळ्या खेळाडूंचा. आमच्या लीगमध्ये आम्ही सहा जण आहोत, म्हणजे फार तर तीस बचावपटू कोणाच्या ना कोणाच्या संघात आहेत. वीस क्लबांचे नियमित खेळणारे बचावपटू ढोबळमानाने ऐंशी धरले, तर पन्नासच्या आसपास मोकळे पडलेले असतात, आणि त्यांतले बरेचसे तळाच्या संघांचे, दिवसभर चेंडू हाकलणारे सेंटर-बॅक असतात. अशा खेळाडूचा अंदाज त्याच पद्धतीने मांडला तर 3.7 च्या आसपास येतो. मार्केट यार्डात हळदीचा भाव नुसत्या प्रतीवर नाही तर त्या प्रतीची आवक किती आहे यावर ठरतो, तसेच हे आहे : टार्कोव्स्कीच्या प्रतीच्या मालाची आवक आमच्या लीगमध्ये भरपूर आहे, आर्सेनलच्या बचावाची मात्र शून्य. या हंगामातील पहिल्या दहा लीग सामन्यांत अवघे तीन गोल खाणाऱ्या संघाचा नियमित बचावपटू मोकळ्यांच्या यादीत कधीच सापडणार नाही. मोकळ्या खेळाडूपेक्षा टार्कोव्स्की 0.7 ने सरस आहे आणि टिम्बर 1.4 ने, म्हणजे नेमका दुप्पट. जे मला फुकटात जवळपास मिळू शकते, त्यासाठी टिम्बर का द्यावा?

सहाऐवजी बारा जणांची लीग असती तर साठ बचावपटू उचलले गेले असते, मोकळे सेंटर-बॅक अगदी मोजके उरले असते आणि मी कदाचित डॉक्टरसाहेबांशी त्याच दिवशी हात मिळवला असता. त्यामुळे हा हिशेब कोणी जसाच्या तसा आपल्या लीगला लावू नये.

तरीही बोलणी तोडायची नव्हती, म्हणून मी उलट प्रस्ताव पाठवला आहे : माझा लिव्हरपूलचा व्हर्जिल व्हॅन डाइक त्यांनी घ्यावा आणि क्रिस्टल पॅलेसचा डॅनिएल मुन्योझ मला द्यावा. डॉक्टरसाहेब लिव्हरपूलचे निस्सीम चाहते आहेत, आणि चाहत्याच्या नजरेत व्हॅन डाइकची किंमत त्याच्या गुणांपेक्षा नेहमीच थोडी वर असते. लिव्हरपूलचे सलग चार लीग पराभव आणि विश्रांतीपूर्वी मँचेस्टर सिटीकडून 3-0 असा मार, यानंतरही तिला विशेष धक्का लागलेला दिसत नाही. मुन्योझ हा विंगबॅक, म्हणजे कडेने पुढे-मागे धावणारा बचावपटू, असून तो दूरच्या खांबापाशी फॉरवर्डसारखा धावून येतो; बचावपटूच्या गोलाला सहा गुण असल्याने असा खेळाडू हासुद्धा मोकळ्यांच्या यादीत न सापडणारा माल आहे. पॅलेसला कॉन्फरन्स लीगमुळे गुरुवारीही खेळावे लागते, तेव्हा एखाद्या रविवारी त्याला विश्रांती मिळण्याचा धोका मी मान्य करतो. आफ्रिका चषक 21 डिसेंबरला सुरू होईल तेव्हा पॅलेसचा इस्माइला सार सेनेगलच्या संघात गेलेला असेल, पण मुन्योझ कोलंबियाचा असल्याने तो इथेच राहील.

उत्तर अद्याप आलेले नाही. बाराव्या फेरीसाठी संघ ठरवण्याची मुदत शनिवारी दुपारी साडेचारला संपते आणि वेव्हरची, म्हणजे मोकळा खेळाडू मागण्याची, मुदत तिच्या चोवीस तास आधी, म्हणजे शुक्रवारी दुपारी साडेचारला. ही वेळ डॉक्टरसाहेबांच्या ओपीडीची असल्याने त्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावे, असे सांगितले आहे. नकार आला तर टिम्बर आणि व्हॅन डाइक दोघेही माझ्याकडेच राहतील आणि माझ्या पाचव्या, बाकावरच्या बचावपटूच्या जागी बर्नलीच्या मॅक्सिम एस्तेव्हसाठी वेव्हर टाकीन. बर्नलीचा सामना चेल्सीशी आहे, त्यामुळे क्लीन शीटची आशा मी धरणार नाही. खेळल्याचे दोन आणि चेंडू हाकलल्याचे दोन मिळाले तरी त्या जागेकडून मला तेवढेच हवे आहे.