हशाची जागा

आम्ही आपापल्या घरून रेकॉर्ड करून 'संशयकल्लोळ' हे नाटक कानाने ऐकण्यासाठी करतोय. दादाने काल रात्री त्याचा पहिला अंक जोडून पाठवला. छान झालाय. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या, मीही पाठवल्या. रेवतीचं काम करणाऱ्या ताईंनी तर अंगावर काटा आला म्हणून लिहिलं. आणि तरी सकाळपासून मला काहीतरी टोचतंय. पोळ्या लाटताना टोचत होतं, बँकेत रांगेत उभी होते तेव्हाही टोचत होतं. लिहिलं की कळेल असं वाटतंय, म्हणून बसले.

झालंय एवढंच, की फाल्गुनराव करणाऱ्या काकांचे पॉज गेले.

काकांची मूळ फाईल मी आधीच ऐकली होती. फाल्गुनरावाच्या बायकोची, कृत्तिकेची, वाक्यं बोलायची तर समोरच्याचं वाक्य कानात हवं, म्हणून दादाने ती मला दिली होती. काका नागपूरला त्यांच्या खोलीत बोलणार, मी इथे कपाटाचं दार उघडून, वर गोधडी टाकून, साड्यांच्या घड्यांसमोर बोलणार, आणि आम्हा नवराबायकोचं भांडण दादा लॅपटॉपवर लावून देणार. काकांच्या त्या फाईलमध्ये प्रत्येक जमलेल्या वाक्यानंतर शांतता होती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. मला वाटलं, पान उलटत असतील. पण कागदाचा आवाज नव्हता. पुन्हा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्या शांततेनंतरचं वाक्य ते दर वेळी किंचित वरच्या पट्टीत उचलतात. हशा पूर्ण विरायच्या आत, तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य वर घ्यायचं, नाहीतर प्रवेश बसतो. हे स्टेजवर उभं राहिलेल्या माणसाच्या अंगात भिनलेलं असतं.

शिवाय सगळे पॉज सारखे नव्हते. नोकराला, भादव्याला, दम देतात तिथे लहानसा. कृत्तिकेच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते, तिथे लांब, आणि त्यात मध्येच एक बारीक हुंकार. मागच्या रांगेतलं कोणी अजून हसतंय, त्याला थोडा वेळ द्यावा, तसा. काका थांबलेले नव्हतेच. त्यांना हशा ऐकू येत होता. कधीकाळी गणपतीच्या मांडवात त्यांनी फाल्गुनराव केला होता. त्या मांडवातली माणसं खोलीत त्यांच्यासमोर बसलेली होती.

जोडलेल्या फाईलमध्ये यातलं काही नाही. वाक्यावर वाक्य, वाक्यावर वाक्य. घड्याळही गेलं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कानाने ऐकणाऱ्याला तीन सेकंद काही ऐकू आलं नाही की तो फोन काढून बघतो. त्याला वाटतं फाईल अडकली." ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे एक सोय आहे, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लांब शांतता सापडली की ती आपोआप आखडते. संपूर्ण अंकावर ती एकदाच चालवायची. त्याचं म्हणणं मला पटतं. नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसा न घेता तो हे करतोय. सोळा जणांच्या सोळा खोल्या त्याला एका दिवाणखान्यात आणायच्या आहेत. कोणाकडे पंखा, कोणाकडे कुकरची शिट्टी, कोणाच्या खिडकीखाली भंगारवाला. माझ्या 'भादव्या' या हाकेतला प्रत्येक 'भ' माईकवर धाडकन आदळत होता, तेव्हा फोनवर मोजा चढवायला त्यानेच शिकवलं. त्याच्यावर राग नाही.

मग कशाचा आहे?

'संशयकल्लोळ' घेतलं तेव्हाच वाटलं होतं की हे कानासाठी अवघड जाणार. सगळा घोटाळा डोळ्यांचा. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते बघते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर खाली पडते, ती कृत्तिका उचलून बघते, आणि ती बघतेय हे फाल्गुनराव बघतो. बघणं, बघणं आणि पुन्हा बघणं. आता कानाला काय दाखवायचं? आम्ही तसबीर पडल्याचा आवाज घेतला. आमच्याकडच्या जुन्या फोटोची चौकट शहाबादी फरशीवर हलकेच टाकून बघितली, तर भांडं पडल्यासारखं वाटलं. खाली टॉवेल ठेवून पुन्हा टाकली तेव्हा कुठे तसबीर वाटली. तोच आवाज दादाने दोनदा वापरलाय, एकदा लांब, एकदा जवळ, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की हीच ती.

आणि स्वगतं! स्टेजवर आजकाल ज्यांची अडचण वाटते, समोर माणूस उभा असताना नट प्रेक्षकांकडे वळून मनातलं बोलतो ते हल्लीच्या मुलांना खोटं वाटतं, ती स्वगतं कानात इतकी खरी वाटतात की काय सांगू. संवाद हातभर लांबून बोलायचे आणि स्वगत अगदी माईकशी ओठ नेऊन, आवाज खाली आणून. फाल्गुनरावाचा संशय थेट आपल्याच डोक्यात कुजबुजायला लागतो. नाटककार देवलांनी जणू हेडफोनसाठीच लिहून ठेवलंय. एवढं चांगलं जमत असताना मी तीन सेकंदांसाठी का अडून बसलेय, हे मलाच कळत नव्हतं.

दुपारी पडल्या पडल्या या नाटकाचं सगळं कूळ आठवत होते. 1660 साली पॅरिसमध्ये मोलिएरने हे संशयी नवऱ्याचं सोंग स्वतः रंगवलं. 1761 मध्ये आर्थर मर्फीने ते लंडनच्या ड्रुरी लेनला नेलं. मर्फीवरून देवलांनी आधी गद्य 'फाल्गुनराव' केलं, मग त्यात पदं घातली आणि 1916 साली गंधर्व मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव, बालगंधर्वांची रेवती. म्हणजे साडेतीनशे वर्षं लोक या तसबिरीला हसत आलेत, एकत्र बसून, एकमेकांच्या मांडीवर थापा मारून. आणि ते नाटक आमच्या हाती आलं तेव्हा समोर कोणीच नाही. गोधडीखाली घाम निथळतोय, पंखा बंद, मी माझं सगळ्यात चांगलं वाक्य टाकते आणि समोर पैठणी आणि दोन नारायणपेठी. विनोदी नाटक आणि एकही माणूस हसत नाही. हे असते तर दाराशी उभे राहून हसले असते. ते जाऊ दे.

इथे लिहितानाच लक्षात येतंय. मला काकांचे पॉज गेल्याचं दुःख कमी आहे. मला हेवा वाटतोय. त्यांच्या कानात मांडव भरलेला आहे आणि माझ्या कानात काहीच नाही. मी कधी स्टेजवर गेले नाही. कॉलेजात नाव दिलं होतं, घरून सोडलं नाही. तालमी बघायला मात्र जायचे, विंगेत बसून सगळ्यांची वाक्यं पाठ. ज्यांच्याकडे हशाची आठवण आहे त्यांची शांतता आपोआप आखडली गेली, आणि माझ्या फाईलमध्ये आखडण्यासारखं काही नव्हतंच. जोडलेली फाईल ऐकताना मला नेमकं तेच ऐकू आलं. आता आम्ही दोघं सारखेच झालो होतो, आणि त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाटलं, निदान एकाच्या तरी कानात लोक होते, तेही घालवले.

इतकं लिहून चहा करायला उठले. चहा उकळेपर्यंत टेकाडे भावजी आठवले.

आकाशवाणी मुंबईवरची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका, त्यातले ते. आमच्याकडे रेडिओ फळीवर, आई खाली पोळ्या करत बसलेली. मीनावहिनी काहीतरी बोलायच्या आणि आई हसायची. पण लगेच नाही. तव्यावरची पोळी उलटायची, वाफ सोडायची, मग हसायची. तोपर्यंत रेडिओवरची माणसं दोन वाक्यं पुढे गेलेली असायची. तिचं हसू कुठल्याही स्टुडिओत पोचलं नाही, पोचणार कसं? तरी ती हसलीच ना. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पिठाच्या हाताने पदर सावरत. माईकसमोर उभ्या असलेल्या त्या बाईंना आमचं स्वयंपाकघर ठाऊक नव्हतं. पण त्या बोलायच्या त्या आईशीच बोलल्यासारख्या.

आणखी एक आठवलं, देवलांचं. ते 1916 च्या जून महिन्यात गेले. गंधर्व मंडळीचा प्रयोग त्याच वर्षी, पण त्यानंतर. गद्य नाटकाचा हशा त्यांनी ऐकला असेल, पण 'मृगनयना' या पदाला मिळालेली दाद, पदांसकट रंगलेला फाल्गुनराव, ज्या रूपात आज आपण हे नाटक ओळखतो त्याचा हशा त्यांच्या कानावर पडलाच नाही. तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांनी त्याची जागा नेमकी सोडून ठेवलीय. शंभराहून अधिक वर्षं नट तिथेच थांबतात. काकाही तिथेच थांबले. मी थांबले नव्हते, कारण कोणी हसलं तरच थांबायचं असं मला वाटत होतं.

चहा घेऊन पुन्हा गोधडीखाली गेले. तसबिरीचा प्रवेश घेतला. या खेपेला प्रत्येक वाक्यानंतर आईला पोळी उलटू दिली. ती हसायला उशीर लावते, त्यामुळे माझे पॉज काकांपेक्षाही लांब झाले. ऐकून बघितलं. कृत्तिका पहिल्यांदा मला नुसती भांडखोर वाटली नाही, ती विचार करणारी बाई वाटली. वाक्य बोलून ती नवऱ्याचा चेहरा बघतेय असं वाटत होतं. म्हणजे डोळ्यांचं काम शांतता करते! आवाज घालून घालून आम्ही जे दाखवू बघत होतो, ते त्या रिकाम्या जागेतच होतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दादाला दोन्ही फाईली पाठवल्या, काकांची मूळ आणि माझी नवी, आणि लिहिलं की या प्रवेशापुरतं ते आपोआप आखडणं बंद करून हाताने काप. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. सगळे पॉज ठेवता येणार नाहीत, पहिला अंक फार लांबेल, असं म्हणाला. जिथे मागे रस्त्याचा आवाज घालता येईल तिथे ठेवू, म्हणजे फाईल अडकल्यासारखी वाटणार नाही, टांग्याच्या घंटा, लांबून एखादी हाक. तसबिरीनंतरचा लांब पॉज मात्र जसाच्या तसा, काकांच्या हुंकारासकट. घड्याळ ठेव म्हटलं. त्याला ते अजिबात मान्य नाही, फाल्गुनरावाच्या घरात क्वार्ट्झचं घड्याळ कुठून आलं म्हणतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळ गेलं.

काकांना यातलं काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या अंकातलं भांडण आम्ही दोघांनी एकाच वेळी करून बघायचं ठरवलंय. एका कानात इअरफोन, त्यावर एकमेकांचा कॉल, आणि आपापल्या फोनवर आपापलं रेकॉर्डिंग. कॉलवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढणार, दादाला ते नंतर सरकवावं लागेल. तो तयार आहे. काका म्हणाले, दुपारी चारनंतर, तोवर त्यांच्याकडे नळाचं पाणी येऊन गेलेलं असतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही हवा तितका वेळ घ्या, मी तुमच्या आधी बोलणार नाही.